लोणच्याच्या बाटलीतलं तेल

मी काय काम करते हे सांगताना माझ्या आईची नेहमी पंचाईत व्हायची. शेजारणींनी विचारलं की ती "तेलाच्या कंपनीत आहे" म्हणायची, आणि मग त्या तिला शेंगदाणा तेलाचा भाव विचारायच्या. मी अठ्ठावीस वर्षं नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत तेल तपासलं, पण ते गाड्यांच्या आणि यंत्रांच्या पोटातलं, वापरून काळं झालेलं. ते कुणी विकत घेत नाही आणि त्याचा डाग साडीवरून जात नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी माझ्या उजव्या हाताच्या नखांच्या कडा अजून पुरत्या पांढऱ्या झालेल्या नाहीत. खरं सांगायचं तर मी त्या फार घासतही नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी चार ओळी. इंजिन चालतं तेव्हा आत धातूवर धातू घासत असतो आणि मधल्या तेलाच्या पापुद्र्यामुळे तो टिकतो. तरी थोडं झिजतंच, आणि झिजेचे डोळ्यांना न दिसणारे कण तेलात उतरतात. आमच्या यंत्रात तेलाचा थेंब ठिणगीत जाळला की प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा उजेड देतो आणि यंत्र तो मोजून सांगतं, तेलाच्या दहा लाख भागांत लोखंड किती, तांबं किती, शिसं किती. लोखंड वाढलं तर सिलिंडर बघा. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग बघा. सिलिकॉन वाढला तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जाते आहे, आणि आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात सिलिकॉन न वाढलेली गाडी कुणी मला दाखवावी. सोडियम, पोटॅशियम आणि पाणी अशी तिन्ही एकदम दिसली, तर रेडिएटरचं पाणी इंजिनच्या तेलात शिरतंय असं समजायचं, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ज्याला सगळे हेड म्हणतात, त्याच्या खालचं गळती अडवणारं गॅस्केट गेलेलं असणार. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. त्यानेच माझी खोड मोडली.

सुरुवातीला आमच्याकडे फक्त कारखान्यांची तेलं यायची. मोटारींची तेलं घ्यायला लागलो तेव्हा गावातले मिस्त्री हसले. इंजिन न उघडता, गाडी न बघता, एमआयडीसीत खुर्चीवर बसून एक बाई सांगणार की बेअरिंग गेलंय, हे त्यांना पटणं कठीणच होतं. त्यातल्या त्यात यासीनमिस्त्री हसले नाहीत, पण विश्वासही ठेवला नाही. त्यांचं गॅरेज सोलापूर रोडला. त्यांची स्वतःची तपासणी होती. गाडी आली की इंजिनमधलं तेल मोजायची काडी बाहेर काढायची, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक थेंब सोडायचा, आणि तासाभराने तो कसा पसरलाय ते बघायचं. मधला डाग गच्च काळा असेल तर काजळी जास्त, बाहेरचं कडं पिवळट आणि लांब असेल तर तेलात डिझेल उतरतंय, कड दातेरी असेल तर पाणी. कागदावर गाडीचा नंबर लिहून तो भिंतीला चिकटवायचा. गॅरेजची एक अख्खी भिंत अशा थेंबांनी भरलेली होती.

मी पहिल्यांदा ती भिंत बघितली तेव्हा मनात म्हटलं, कौतुक आहे, पण हे काही शास्त्र नाही. तेव्हा माझं वय चाळिशीच्या आतबाहेर होतं आणि आमचं यंत्र नवं होतं. दोन्ही गोष्टींचा मला ताठा होता.

भानुदास आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ताठा मात्र तसाच होता. हा कर्जत तालुक्यातला माणूस. त्याच्याकडे एक जुनी सात सीटची डिझेल गाडी होती. त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवारी आणि गुरुवारी तो आक्कांना आणि आसपासच्या गावांतल्या आणखी दोन पेशंटना डायलिसिससाठी नगरला आणायचा. जायला पंचाहत्तर, यायला पंचाहत्तर किलोमीटर. चार तास ते तिघे यंत्राला जोडलेले असायचे, आणि हा खाली गाडीत वर्तमानपत्र वाचत बसायचा. एसटीने असा प्रवास या पेशंटना झेपत नाही. त्यामुळे ती गाडी चालणं म्हणजे तिघांचं चालणं, इतका साधा हिशेब होता.

त्याला वाटत होतं गाडी पाणी पितेय. रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला थोडं कमी व्हायचं. यासीनमिस्त्रींनी होजपाइप बघितला, पंप बघितला, काही सापडलं नाही. दूध संकलन केंद्रावर कुणीतरी त्याला सांगितलं की एमआयडीसीत तेलावरून सांगतात. एका गुरुवारी तो आमच्या दारात उभा राहिला, हातात काचेची बाटली, तिच्यात काळं तेल.

आमचा नियम पक्का होता. नमुना प्रयोगशाळेच्याच कोऱ्या बाटलीत, इंजिन गरम असताना, वाहत्या धारेच्या मधला भाग घेऊन. मी त्याला कोरी बाटली देऊन परत पाठवायला हवं होतं. पण तो म्हणाला, "मॅडम, आता परत सोमवारीच येनं हुईल. बाटली घरून सोच्छ धुऊन आनलीय. आक्कानं सोता धुतलीय." त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी नियम वाकवला आणि तेल घेतलं. माझ्या अठ्ठावीस वर्षांत मी नियम एकदाच वाकवला, तो हा.

यंत्राने सोडियम भरपूर दाखवला. पोटॅशियम दाखवला. पाण्याचा अंशही होता. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं समोर आलं. कूलंटमधलं रसायन शोधण्याची आणखी एक चाचणी असते, पण आमच्याकडे रेडिएटरमध्ये कूलंट कमी आणि बोअरचं पाणीच जास्त, म्हणून मी ती केलीच नाही. रिपोर्टवर लिहिलं: हेड गॅस्केटमधून गळती, इंजिन तातडीने उघडावे. खाली ठळक सही.

दुसऱ्या दिवशी यासीनमिस्त्रींचा फोन आला.

"मॅडम, तुमचा कागद बघितला. पण माझ्या थेंबात पाणी दिसत नाही. कड एकदम गोल आहे."

मी म्हणाले, "मिस्त्री, तुमचा थेंब कॅलेंडरवरचा आहे. आमचं यंत्र खोटं बोलत नाही."

ते म्हणाले, "ठीक आहे. पेशंटची गाडी आहे, मी जोखीम घेत नाही. उघडतो."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. त्या माणसाने तीस वर्षांच्या स्वतःच्या नजरेपेक्षा माझ्या सहीला मान दिला होता.

शनिवारी हेड उघडलं. गॅस्केट धड होतं. इतकं धड, की मिस्त्रींनी ते मला दाखवायला जपून ठेवलं. पाणी कमी व्हायचं ते रेडिएटरच्या टोपीच्या जुनाट रबरातून, वाफ होऊन. पण आता उघडलेलं हेड घासून परत बसवायला नवं गॅस्केट पुण्याहून यायचं होतं, आणि सोमवारी गाडी गॅरेजमध्ये खोललेली पडून होती. दुसरी गाडी ठरली होती, ती आयत्या वेळी आली नाही. बाकीचे दोघे कसेबसे कुणाच्या तरी गाडीने पोचले. आक्का राहिल्या.

बुधवारी त्यांच्या अंगात पाणी भरलं, श्वास लागला, आणि त्यांना रुग्णवाहिकेतून नगरला आणावं लागलं.

हे मला यासीनमिस्त्रींनीच सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दुपारी मी रजा टाकून हॉस्पिटलमध्ये गेले. आक्का बसलेल्या होत्या, नाकाला नळी, पाय सुजून टम्म झालेले. भानुदास बाहेर बाकावर. मी कोण ते सांगितलं आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर आक्काच म्हणाल्या, "तुमीच का त्या तेलवाल्या बाई? बसा. उभ्या का?"

मी बसले आणि भलतंच विचारलं. "आक्का, ती बाटली कशाची होती?"

"लोनच्याची. पर सोच्छ धुतली हुती बरं. वास जाईना म्हनून चुलीतली राख घालून घासली, पान्यानं खळखळून काढली, आन उपडी घातली. भानू घाईत हुता, वली हुती तशीच घेऊन गेला."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. लोणच्याचं मीठ म्हणजे सोडियम. लाकडाची राख म्हणजे पोटॅशियम. ओली बाटली म्हणजे पाणी. माझ्या रिपोर्टमधल्या तिन्ही ओळी या बाईने मन लावून, स्वच्छतेपायी, त्या बाटलीत भरल्या होत्या. जिला डॉक्टरांनी मिठाचा कणही बंद केला होता, तिच्या घरातलं मीठ माझ्या यंत्रात शिरलं होतं आणि मी ते इंजिनच्या माथी मारलं होतं. यासीनमिस्त्रींचा थेंब सरळ इंजिनच्या काडीवरचा होता. म्हणून तो गोल होता.

"का वं? बाटलीचं काय?" आक्कांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, बाटली मी घ्यायला नको होती, मिस्त्रींचं ऐकायला हवं होतं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दम खात म्हणाल्या, "म्हंजे राखेनं घासायलाच नको हुतं मी." स्वतःचा श्वास अडकलेला असताना ती बाई माझ्यासाठी चूक वाटून घेत होती. मी घरी येऊन रडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या साहेबांना तो रिपोर्ट फाईलमध्ये गुपचूप बदलायचा होता. मी हट्टाने रद्द केलेला रिपोर्ट तसाच ठेवला आणि त्यावर लाल शाईने लिहिलं: नमुना अयोग्य बाटलीत स्वीकारला, स्वीकारणारी मी. नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी तो कागद वाचायला दिला.

दुसरं काम केलं ते म्हणजे कोऱ्या बाटल्यांचं खोकं घेऊन यासीनमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले आणि त्यांना म्हटलं, यापुढे माझा नमुना तुम्ही काढायचा, आणि सोबत तुमच्या थेंबाचा कागदही पाठवायचा. त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे कॅलेंडर आता प्रयोगशाळेत?" मी म्हटलं, हो. चहा मागवला गेला. तेव्हापासून माझं यंत्र आणि त्यांचा थेंब यांचं पटेना झालं की मी नमुना परत मागवायचे. सहीची घाई कायमची गेली.

मग दिवस चांगले आले, आणि त्यांच्याबद्दल मला बढाई मारायची आहे. पारनेरच्या एका गुरुजींनी जुनी गाडी घेण्याआधी तेल आणून दिलं. तेल मधासारखं सोनेरी. विकणाऱ्याने आदल्या दिवशीच बदललेलं. मी रिपोर्टवर लिहिलं, या तेलाची इंजिनशी अजून ओळख झालेली नाही, महिनाभर चालवून मग आणा. विकणारा महिनाभर थांबायला तयार झाला नाही आणि गुरुजी वाचले. एका डॉक्टरांच्या नव्या गाडीत सिलिकॉन बघून मी फिल्टर तपासायला सांगितला, तर फिल्टरच्या खोक्यात उंदराने बिऱ्हाड केलेलं. डॉक्टर मला वर्षभर भेटतील तिथे हात जोडायचे. अशा गोष्टी सांगायला बसले तर हा दिवाळी अंक पुरायचा नाही, आणि संपादकांनी आधीच दोनदा फोन केलाय.

पण माझ्या नोकरीचा खरा दिवस पुन्हा भानुदासच्याच गाडीने आणला.

त्या प्रकारानंतर दर वेळी तेल बदलताना मिस्त्री त्या गाडीची बाटली न विसरता पाठवायचे. सलग चार रिपोर्ट माझ्याकडे जमले होते. पाचवा आला तेव्हा मी चष्मा पुसून परत वाचला. शिसं आधीच्या चारही रिपोर्टांत हळूहळू चढत आलेलं होतं, आणि आता तांबंही एकदम वर गेलं होतं. बेअरिंगवर वरून शिशाचा मऊ थर असतो, त्याच्याखाली तांबं. आधी शिसं दिसतं आणि मग तांबं, याचा अर्थ वरचा थर संपलाय. यानंतर रस्त्यात कुठेही इंजिन जाम होऊ शकतं, भर वेगात, कुठल्याही ट्रकच्या पुढे, आत तीन पेशंट बसलेले असताना.

मी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "थेंबात काही नाही मॅडम. आवाजही गोड आहे." मी म्हटलं, थेंबात धातू दिसत नाही मिस्त्री, तिथे तुमचा कागद थांबतो. तरी मी दुसरा नमुना मागवला. तोही तसाच आला. मग मात्र माझ्या झोपेचं खोबरं झालं. चूक निघाली तर आक्कांची पाळी पुन्हा माझ्यामुळे चुकणार होती. आणि मी गप्प बसले तर काय होईल ते बोलायचीही सोय नव्हती.

सोमवारी परतीच्या वाटेवर ते सगळे गॅरेजमध्ये थांबले. मीही पोचले. आक्का गाडीत मागे बसलेल्या, हाताला पट्टी. मी जे होतं ते सांगितलं.

भानुदास खाली बघत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. मागल्या टायमाला बी तुमीच सांगितलं हुतं उघडा म्हनून. गाडी तर लई झ्याक चालतीय."

मिस्त्री पान्याने हात खाजवत उभे होते.

तेवढ्यात गाडीतून आक्का म्हणाल्या, "कागद दावा बाई तुमचा."

मी रिपोर्ट दिला. चौथी शिकलेली बाई, आकडे वाचायला पक्की. तिने तो बघितला आणि परत केला.

"ह्यो एकच न्हाई. मागचे बी द्या."

मी पाचही कागद तिच्या मांडीवर ओळीने मांडले. तिने आपल्या पिशवीतून स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टांची प्लास्टिकची फाईल काढून बाजूला ठेवली, जशी कामाला बसताना बाई पदर खोचते तशी. मग शिशाच्या ओळीवर बोट ठेवून एकेक कागद वाचत गेली. नंतर तांब्याच्या ओळीवर.

"आमचे डाक्टर बी एका कागदावर इस्वास ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "मागचा दावा म्हनत्यात. चढतंय का उतरतंय ते बघायचं असतंय. मागल्या येळला बाईंकडं एकच कागद हुता. आता पाच हायेत, आन पाची चढतेत." मग भावाकडे बघून म्हणाली, "भानू, उघड गाडी."

"आन गुरुवारी?"

"गुरुवारी मी येते," मी म्हणाले. हे मी येतानाच ठरवलं होतं. "माझ्या गाडीने तिघांना आणते. सकाळी सात वाजता तुमच्या दारात."

भानुदास पहिल्यांदा हसला. "तुमच्या गाडीचं तेल तपासलंय का?"

खरं सांगायचं तर आठ महिने तपासलं नव्हतं. त्यांना मिस्त्रींनी आपल्या गाडीने घरी सोडलं, आणि मी त्या संध्याकाळी पहिलं काम तेच केलं.

गुरुवारी मी तिघांना नगरला आणलं. आक्का पुढे बसल्या होत्या आणि रस्ताभर मला शेताच्या बांधाबांधावरच्या भांडणांची माहिती देत होत्या. ते वर यंत्राला जोडलेले असताना मी खाली भानुदाससारखी वर्तमानपत्र घेऊन बसले, पण एक ओळ वाचली गेली नाही. अकराच्या सुमाराला मिस्त्रींचा फोन आला.

"मॅडम, ताबडतोब या."

मी गॅरेजमध्ये पोचले तर त्यांनी फडक्यावर बेअरिंगच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या. एरवी त्या आतून करड्या असतात. या तांबूस लाल झाल्या होत्या, आणि एकीच्या काठाला चीर गेलेली. यासीनमिस्त्रींनी ती चिरलेली वाटी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"अजून दोन खेपा," ते म्हणाले. "फार तर तीन."

मग ते भिंतीकडे गेले, त्या गाडीच्या शेवटच्या थेंबाखाली पेन्सिलने काहीतरी लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं. "थेंब साफ. मॅडम बरोबर." मला आजवर मिळालेली सगळी प्रशस्तिपत्रकं आमच्या माळ्यावर आहेत. हे एक मिस्त्रींच्या भिंतीवर आहे, आणि माझ्या मते तेच खरं आहे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. प्रयोगशाळेत छोटा समारंभ झाला, शाल, नारळ, साहेबांचं भाषण. भाषण चालू असताना दारात भानुदास आणि आक्का दिसल्या. सोमवार होता, डायलिसिस उरकून आल्या होत्या. थकलेल्या, पण पायांवर सूज नव्हती. मी उठून गेले. आक्कांनी पदराखालून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. आमचीच, नमुन्याची, लेबल लावलेली. आत कैरीचं लोणचं, लालभडक.

"मिस्त्रीकडनं मागून घेतली," त्या म्हणाल्या. "कोरी हाय. मी धुतलेली न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. मग त्या जरा जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ अंदाजानंच घातलंय बाई. मला चाखता येत न्हाई, म्हाईत हाय तुमाला. जास्त झालं असंल तर सांगा."

तिथेच, साहेबांचं भाषण अर्धवट टाकून, मी बूच उघडलं आणि काळ्या कडांच्या नखाने एक फोड काढून तोंडात टाकली. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी रिपोर्टाकडे बघायचे तशा.

मीठ अगदी बरोबर होतं.